साध्या तोंडाचं पिल्लू

आधी माझ्या तोंडाकडे नीट बघून घ्या. मी ग्रेट डेन जातीचा कुत्रा आहे, पण तुम्ही मला ओळखणार नाही. आमच्यात अंग गव्हाळ असलं, की तोंड डोळ्यांपर्यंत काळंभोर लागतं. माझं तोंड अंगासारखंच गव्हाळ. माणसांत तोंड काळं झालं की अब्रू जाते, आमच्यात ते काळं नसलं की जाते. ती माझ्या एकट्याची गेली असती, तर मी गप्प बसलो असतो.

२००५ साली शिरोली एमआयडीसीत, हंबीररावांच्या फाउंड्रीमागे माझा जन्म झाला. आई राणी, वडील सुलतान. वडिलांनी जिंकलेल्या ढाली मालकांच्या ऑफिसात ओळीनं लावलेल्या होत्या. आमचं खाणं, आंघोळ, औषध सगळं गणपती काका बघायचे. आई माजावर होती, तेव्हा त्यांनी तिला तीन आठवडे स्वतःच्या खोलीत ठेवलं होतं आणि आपली खाट दाराला आडवी टाकली होती.

आम्ही सात भावंडं महिन्याची झालो. सहा जणांची तोंडं काळी झाली, माझं काही होईना. काका रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "जरा काळं पड की रं, बाळ्या." माझ्या हातात असतं तर पडलो असतो हो!

शेवटी एक दिवस मालकांनी मला बघितलं. मानेला धरून तसंच गेटावर नेलं. जेवणाची सुट्टी होती, सगळे कामगार डबे उघडून बसले होते. मालकांनी तिथंच काकांना हाक मारली.

"गणप्या, दार उघडं टाकून कुठं गेलतास? हे भट्टीजवळच्या गावठी कुत्र्याचं पिल्लू हाय!"

"न्हाई, मालक. दार म्या एक दीस उघडं टाकलं न्हाई."

"खोटं बोलू नकोस! सुलतानचं पिल्लू असं असतंय व्हय? तुमच्यासारख्यांच्या हातात जातिवंत जनावर द्यायलाच नको होतं."

कामगारांचे घास हातातच राहिले. 'तुमच्यासारख्यां'मध्ये कोण कोण येतं, ते तिथं सगळ्यांना कळलं होतं. मी लोंबकळत होतो आणि मला रडू येत होतं.

मालकांची मुलगी मोना जनावरांची डॉक्टर होत होती. ती सुट्टीला आलेली. ती म्हणाली, "आबा, पिल्लाला एक गुण आईकडनं मिळतो, एक बापाकडनं. काळ्या तोंडाचा एक जरी असला तरी तोंड काळं दिसतं, साधा गुण मागं लपून राहतो. राणी आणि सुलतान, दोघांत तो लपलेला असला, तर असं पिल्लू होतं. परदेशात याची तपासणी करतात. मी नमुने पाठवीन."

"पाठव," मालक म्हणाले. "सुलतानात खोट निघणारच न्हाई. मग हे आणि गणप्या, दोघं एकदमच गेटाबाहेर."

मोनानं बजावलं होतं, की नमुन्याआधी दोन तास मला दूध द्यायचं नाही. आईचा अंश माझ्या गालात राहिला तर सगळंच फुकट. मला कोंडलं. भुकेनं मी आकाश-पाताळ एक केलं. फटीतून काका दिसत होते. माझ्या एका कुंईसरशी धावणारा माणूस दोन्ही हात काखेत दाबून बसला होता आणि त्याचे डोळे वाहत होते. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. आता त्याची लाज वाटते.

मोनानं बारीक ब्रश माझ्या गालात आतून फिरवला. मग आईच्या, मग वडिलांच्या. नमुने गेले. महिनाभर काका कामगारांबरोबर जेवायला बसले नाहीत.

पाकीट आलं. मोनानं ऑफिसात वाचलं. आईत साधा गुण लपलेला होता. तिनं कागद उलटला. वडिलांतही होता! मला दोघांकडून तोच मिळाला होता.

"बाप कोण, हे काय यात लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "पण सुलतानला असं पिल्लू होऊ शकतं, हे नक्की."

मालकांनी त्या ढालींकडे एकदा बघितलं. मग त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "झालं गेलं सोड, गणपा. जा, लाग कामाला."

"असं न्हाई, मालक," काका म्हणाले. "जितं बोललासा, तितंच हे वाचा."

मोनानं कागद काढून मालकांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, हा मी त्यांचाही भलेपणा मानतो. आम्ही सगळे गेटावर गेलो, तिथं डबे उघडलेले होते. मालक वाचू लागले, पण आवाज त्यांच्या शर्टाच्या बाहेर येईना.

"मोठ्यानं, मालक," काका म्हणाले. "त्या दिवशी मोठ्यानं बोलला होतासा."

मालकांनी पहिल्यापासून, मोठ्यानं वाचलं.

काका परत कामाला गेले नाहीत. जाताना त्यांनी फक्त मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या दारात असतो. येणारे पाव्हणे अजून विचारतात, "हे असं कसं झालं?" विचारा, खुशाल विचारा. पण माझ्या तोंडाकडे बघून दुसऱ्या कुणाला खोटं ठरवू नका, एवढंच मागतो. काका भाकरी घेऊन आलेत, मी उठतो.