हातभर हिरवा दोरा

"गोड? तो माणूस गोड? आधी तुझी जीभ तपासून घे कुठल्या तरी डॉक्टरकडून!"

शिवणमावशींनी मशीनचं चाक तळहातानं दाबून थांबवलं आणि बडबड्या सिस्टरकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर निमूट निघून गेली असती. पण बडबडी सिस्टर कसली जाते! धुतलेल्या चादरींच्या ढिगाला टेकून, पुस्तक छातीशी धरून ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला ना कुणाचं कौतुक बघवत नाही. अख्खं हॉस्पिटल वेडं झालंय. फौजदारकाकांचे लेखक आपल्याकडे हर्नियाला आलेत, दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत. मी स्वतः त्यांचं बीपी घेतलं. काय हसतात हो!"

"बघितलंय मी ते हसणं."

"कधी?"

"तू फ्रॉक घालून फिरत होतीस तेव्हा. गाऊनची नाडी हवीय ना? मग गप्प बस."

फौजदारकाका कोण हे एकही पुस्तक न वाचलेल्यालाही ठाऊक होतं. मोठ्या शहरातला पोलीस अधिकारी, पोट जरा सुटलेलं, दर पुस्तकात एकदा छत्री हरवणारा. कुणाच्याही घरात शिरताना बूट दाराबाहेर काढणार. चोराशीसुद्धा अहो-जाहो. कुणाचं मूल हरवलं, तर त्या आईला आधी स्वतःच्या हातानं पाणी देणार आणि मगच वही उघडणार. डझनभर भाग निघाले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर छापलेलं असायचं की लेखकानं स्वतः पोलिसात उमेदीची वर्षं घालवली आहेत, हे सगळं अनुभवाचं आहे.

अनुभवाचं! ते वाचलं की मावशींच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हॉस्पिटलात कुणालाच माहीत नव्हतं, पण त्यांनी ते सगळे भाग वाचले होते. एकेक दोनदा. दात-ओठ खात. मावशींचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा असताना एका दुपारी शाळेतून निघाला तो घरी आलाच नाही, आणि त्याचा तपास ज्या साहेबाकडे होता तोच हा लेखक. त्यानं पाणीबिणी काही दिलं नव्हतं. मावशींना उभं ठेवलं होतं, स्वतः पाय समोरच्या खुर्चीवर टाकून काडीनं दात कोरत बसला होता. घरात मारता का पोराला? नवरा का सोडून गेला? तुमच्याकडे कोण येतं-जातं? शंभर प्रश्न. शर्टाची बटणं किती, चप्पल कसली, दात कुठला पडलाय. शेजारी हॉस्पिटलातला हेडक्लार्क उभा होता. सोबत म्हणून पाठवलेला. त्याच्यादेखत नवऱ्याचं विचारलं, तेव्हा मावशींना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

पुढं काही निष्पन्न झालं नाही. पोरगं पळून गेलं असेल, येईल, असं सांगून फाइल बंद झाली. मावशी त्या 'येईल'वर जगत राहिल्या. मोठी लेक सासरी रुळली, तिला मुलं झाली, तिनं दहादा सांगितलं की आई, त्या दोन खोल्या सोड आणि माझ्याकडे ये. मावशींचं उत्तर ठरलेलं. "तो आला आणि दाराला कुलूप बघून परत गेला तर?" लेक कधी रडायची, कधी भांडायची, पण मावशी त्या दारापासून हलल्या नाहीत. आणि ही पुस्तकं त्या वाचायच्या ते एवढ्याचसाठी, की या माणसाला निदान लिहिताना तरी आपलं पोरगं आठवतं का बघू.

"नवीन भाग तर सगळ्यात भारी आहे," बडबडी सिस्टर म्हणाली. "ऐका ना. तुम्ही शिवा, मी वाचते. 'फौजदारकाका कालव्याच्या पायऱ्यांवर वाकले. लहान मुलाची एकच चप्पल. तपकिरी. त्यांनी ती रुमालात उचलली. तुटलेला पट्टा कुणीतरी हातानं शिवला होता, हिरव्या दोऱ्यानं, फुलीफुलीचे टाके घालून. काका स्वतःशीच पुटपुटले, ही आईची शिलाई आहे.' काटा आला की नाही अंगावर?"

मशीन थांबलं होतं.

"परत वाच."

"कुठून?"

"दोरा. दोऱ्याचं परत वाच."

सिस्टरनं परत वाचलं. मग उत्साहानं पुढचंही सांगून टाकलं, की त्या दोऱ्यावरून काका त्या आईपर्यंत पोचतात, पोरगं जिवंत सापडतं, आई पाया पडते, काका तिला उठवतात आणि छत्री तिथंच विसरतात. मावशींना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातला दिवा होता, मांडीवर चप्पल होती. पट्टा तुटलेला, सकाळी शाळा, दुसरा जोड नाही. ऑपरेशनच्या चादरींचा जाड हिरवा दोरा त्यांनी इथूनच नेला होता, याच कपाटातून, हातभर. दुहेरी करून फुलीफुलीनं शिवला. सुई दोनदा बोटात घुसली आणि पोरगं हसलं होतं. ती चप्पल घालून ते सकाळी गेलं. त्या दोऱ्याबद्दल मावशींनी जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. लेकीलासुद्धा नाही.

म्हणजे चप्पल सापडली होती. मेल्यानं माझ्या पोराची चप्पल हातात धरली होती आणि मला सांगितलं नाही. पुस्तकात मात्र घातली!

"मावशी? काय झालं?"

"काही नाही. कुठल्या खोलीत म्हणालीस?"

"अहो, तुम्ही कशाला? त्यांच्या गाऊनची पाठची नाडी तुटलीय फक्त, ती द्या, मी..."

"मी लावून देते. अंगावरच लावते. तू जा."

कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. हिरवा गाऊन पाठीवर उघडा पडलेला. दंडाचं मांस लोंबत होतं. उशाशी पुस्तकांची चळत, बहुतेक सह्या मागायला कुणीतरी ठेवलेली. मावशींना पाहून तो पुस्तकातल्यासारखंच हसला.

"या या! तुमचं पुस्तक कुठंय? द्या, करतो सही."

"नाडी लावायचीय. तिकडं वळा."

तो वळला. मावशींनी सुई काढली, हिरवा दोरा ओवला आणि नाडीचं टोक त्याच्या मानेखाली कापडाला लावून पहिला टाका घातला.

"जपून हं," तो हसत म्हणाला. "टोचाल."

"टोचू?"

हसणं थांबलं. त्याला मान वळवून बघायचं होतं, पण सुई पाठीशी होती.

"नवीन पुस्तकातली चप्पल कुठून आणलीत, साहेब?"

"कल्पना हो. लेखकाला सुचतं काहीतरी."

"खोटं बोलू नका. ठाण्यावर मला म्हणत होतात, खोटं बोलू नका. आता मी म्हणते. हिरवा दोरा, फुलीचे टाके. ते टाके माझे आहेत. ती चप्पल माझ्या पोराची आहे."

बाहेर ट्रॉलीचं चाक करकरत गेलं. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज फौजदारकाकांचा नव्हता. तो जुना, ठाण्यावरचा आवाज होता.

"तुम्ही हॉस्पिटलातल्या बाई. शिवणकाम करणाऱ्या."

"आठवलं का? वा! कुठं सापडली?"

"कालव्याच्या पायऱ्यांवर. तिसऱ्या दिवशी. एकच. त्या आठवड्यात पाणी सोडलेलं होतं, फार ओढ होती. दुसरी मिळाली नाही."

मावशींचा हात थांबला. कालवा. पाणी. इतकी वर्षं पोराला त्यांनी कुठं कुठं शोधलं होतं, गाड्यांच्या तळावर, देवळांपुढं, दुसऱ्यांच्या पोरांच्या चेहऱ्यांत. आणि कालवा शाळेच्या मागंच होता. पण राग अजून जागा होता, आणि त्यांनी त्यालाच घट्ट धरलं.

"आणि मला सांगितलं नाहीत! आईला! मी दार धरून बसलेय हो अजून. लेक बोलावून बोलावून थकली. एकदा, नुसती एकदा ती चप्पल माझ्यापुढं टाकली असतीत तर काय तुमचं पोलीस खातं बुडालं असतं?"

"दाखवत नाहीत, बाई. एक खूण पोटात ठेवायची असते. तपासाचा नियमच आहे तो. चप्पल पुढं टाकली की कुठलीही आई म्हणते माझ्याच पोराची. बघितल्यात मी अशा आया. दुसऱ्याच्याच पोराच्या शर्टाला कवटाळून रडलेल्या. म्हणून दाखवायचं नाही, विचारायचं. तिनं आपणहून खूण सांगितली तर वस्तू तिची."

"मग विचारायचं होतं!"

"विचारलं होतं."

"कधी?"

"चप्पल सापडली त्याच दिवशी, तुम्हाला ठाण्यावर बोलावून. चप्पल माझ्या टेबलाच्या खणात होती, कागदात गुंडाळलेली. मी विचारलं, चपलेला काही खूण होती का? कुठं तुटलेली, शिवलेली? तुम्ही म्हणालात, नाही. मी परत विचारलं. तुम्ही म्हणालात, नाही म्हटलं ना साहेब, साधी तपकिरी. मग मी काय समजणार? चप्पल दुसऱ्या कुणाची. कालव्यात माणसं उतरवणार होतो, ती परत बोलावली आणि तुमचं पोरगं शोधायला गाड्यांच्या तळावर पाठवली."

खोटं बोलतोय, असं मावशींच्या तोंडावर आलं होतं. ते बाहेर पडेना. कारण त्याच्या तोंडून ऐकल्याबरोबर तो प्रश्न त्यांना आठवला. अगदी तसाच्या तसा. शेजारी हेडक्लार्क उभा होता. बँडेजचं एक रीळ घरी नेलं म्हणून त्याच महिन्यात एका वॉर्डबॉयला त्यानं कामावरून काढलं होतं, आणि कपड्यांच्या कपाटाची किल्ली मावशींकडे होती. शिवलेली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कशानं? नवरा नाही, नोकरी गेली तर दोन पोरांना खायला काय घालायचं? त्यांना वाटलं, चपलेच्या टाक्यानं काय फरक पडतो. पोरगं काय चपलेवरून ओळखायचंय? नाही, असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या होत्या. त्या दिवसातला प्रत्येक अपमान त्यांनी जपून ठेवला होता आणि नेमकं हेच कुठंतरी सांडलं होतं.

"का नाही म्हणालात?" पाठमोरा म्हातारा म्हणाला. आता त्या आवाजात जोर नव्हता. "मला कळलंच नाही कधी. खूप दिवस ती चप्पल खणात होती. आई खोटं का बोलेल, असं वाटायचं, आणि खरंही वाटायचं नाही. पुस्तकात शेवटी मी तुम्हाला हो म्हणायला लावलं."

"माझ्या पोराला पुस्तकात घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

"कुणी नाही."

"मग? एवढा गोड फौजदार लिहिता. पाणी देतो, बूट काढतो. त्या दिवशी मला जरा बसवलं असतंत, त्या मेल्या क्लार्कला बाहेर काढलं असतंत, तर सांगितलं असतं मी! सगळं सांगितलं असतं!"

एवढं बोलताना त्यांचा आवाज फाटला. म्हाताऱ्यानं पाणी मागितलं नाही की दिलं नाही. शेवटी इतकंच म्हणाला, "चप्पल आता नाही. ठाण्याची जुनी खोली रिकामी केली तेव्हा सगळं जाळलं."

मावशींनी उरलेले टाके पुरे केले. हात सवयीनं चालत होते, फुली, फुली, फुली. कात्रीनं दोरा तोडला, दोन्ही नाड्यांची गाठ त्याच्या पाठीवर बांधली, घट्ट नाही, सैलही नाही, आणि त्या खोलीबाहेर पडल्या. जिन्यात बडबडी सिस्टर भेटली. "कसे आहेत हो? पुस्तकातल्यासारखेच ना?" तिला उत्तर द्यायला मावशी थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवली.

"मी आता लेकीकडे राहायला जाते."

मेट्रनबाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मावशींना इथून कुणी हलवू शकत नाही हे त्यांनाही माहीत होतं. "असं अचानक? पोराचं काही कळलं का?"

"कळलं." मग त्या म्हणाल्या, "आणखी एक सांगायचंय. मी एकदा इथून दोरा नेला होता. हिरवा. हातभर. पोराची चप्पल शिवायला."

मेट्रनबाईंना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, मायेचंच होतं. "दोरा? अहो मावशी, इथून लोकांनी पंखे नेले, ब्लँकेटं नेली! हातभर दोऱ्याचं तुम्हाला कोण विचारणार होतं?"

"विचारलं होतं," मावशी म्हणाल्या. "एकानं दोनदा विचारलं होतं."

कपडेखोलीत कालची सुई तशीच सुयांच्या गादीत टोचलेली होती, दोऱ्यासकट. मावशींनी तो दोरा सुईतून ओढून काढला, अंगठ्यानं सरळ केला आणि रिळावर परत गुंडाळून ठेवला.