दुर्लक्ष करायच्या फायली

आई गेल्यावर तिचे भागीदार तिच्या संगणकावरचं काम न्यायला घरी आले. दोघं मिळून बोलणाऱ्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहायचे. मी त्यांना काका म्हणते. आई भांडताना त्यांना साहेब म्हणायची, म्हणजे जवळजवळ रोजच.

मला त्या संगणकातून एकच गोष्ट हवी होती. काट्याचा आवाज आधी एका भाड्याच्या निवेदकाचा होता. शेवटच्या काही महिन्यांत आईने त्याच्या जागी स्वतःचा आवाज भरून पाहिला : वजन ठेवा, थांबा, उचला. घरात तिचे फोटो ढिगाने आहेत. आवाज कुठेच नाही.

काकांनी मला त्यांची पद्धत समजावली. कामाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं. नोंदवलेल्या फायलींचा प्रत्येक बदल ते जपतं. नोंद नसलेली फाइल वाटेत आली तर ते अडून बसतं, पुढे सरकत नाही. आणि जिच्याकडे दुर्लक्ष कर असं सांगून ठेवलंय, तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आवाजाच्या फायली जड, म्हणून आईने त्यांचं अख्खं फोल्डर दुर्लक्षात टाकलं होतं.

यावरून दोघांचं कित्येक वर्षं वाजत होतं. काकांचं म्हणणं, दुर्लक्षातही दोन प्रकार हवेत. एक कचरा, जो पुन्हा तयार होतो. दुसरी पुन्हा न मिळणारी वस्तू : तिची नोंद नको, पण विचारल्याशिवाय तिला हातही लागायला नको. आईला हे लाड वाटत. ती म्हणायची, "साहेब, दुर्लक्ष म्हणजे दुर्लक्ष. जपायचं असेल तर तोंडाने सांगावं." आईच जिंकत असावी, कारण दर वेळी काका चहा गार झाल्याचं सांगून विषय बदलत.

मी फायली मागितल्या. देतो की, म्हणाले. त्याआधी एका गिऱ्हाइकाचा जुना काटा अडला होता, म्हणून त्यांनी जुनी आवृत्ती काढली, तपासली आणि परत नव्या आवृत्तीवर आले. मग आवाजाचं फोल्डर उघडायला गेले. ते नव्हतंच.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी सांगितलं ते असं : जुन्या आवृत्तीत, फोल्डर दुर्लक्षात जाण्याआधी, याच नावांच्या निवेदकाच्या फायली नोंदवलेल्या होत्या. सॉफ्टवेअरने त्या आईच्या फायलींवर बसवल्या. परत येताना, नव्या आवृत्तीत त्यांची नोंद नाही म्हणून उचलून नेल्या. फोल्डर रिकामं उरलं, तेही गेलं.

"विचारलं नाही त्याने?"

"दुर्लक्षातल्या होत्या." काका म्हणाले, "सॉफ्टवेअर बरोबरच वागलं, असं तुझी आई म्हणाली असती."

"आणि तुम्ही?"

"मी जिंकलो म्हणायचं." चेहरा मात्र सपशेल हरलेल्याचा होता.

पुसलेलं परत मिळवायचे उपाय त्यांनी करून पाहिले. निष्पन्न काही झालं नाही. शेवटी, आणखी काही जायला नको म्हणून, नोंद नसलेलं काय काय पडलंय ते त्यांनी सॉफ्टवेअरला विचारलं. त्याने एकच फाइल दाखवली. फसलेलं रेकॉर्डिंग असावं. फोल्डरमध्ये टाकायचं राहून गेलेलं, बाहेरच पडलेलं.

काकांनी ते लावलं. वजन ठे... एवढ्यात फोन वाजतो. "हं, बोल. अगं, कामात आहे. जेवलीस ना? मग नंतर करते." खुर्ची सरकते. संपलं.

पलीकडे मी होते. कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही; मला ती असंच म्हणायची.

काकांनी न विचारता ती फाइल नोंदवायला घेतली. सॉफ्टवेअरने कारण मागितलं. त्याशिवाय ते नोंद करत नाही. एरवी काका तिथे काय दुरुस्त केलं ते लिहीत.

"काय लिहू?"

"लिहा, राहू दे."

त्यांनी तेवढंच लिहिलं.