ठेवणीतल्या संध्याकाळी

दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना आठवडाभर तरी एका ठिकाणी डोळ्यांसमोर असाव्यात, म्हणून सासऱ्यांनी जहाजाची सहल ठरवली. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मोठ्या भोजनगृहात ठेवणीतले कपडे घालूनच जायचं, असा जहाजाचा नियम होता. आणि कपड्यांचा विषय निघाला की त्या घरात धाकट्या सुनेशिवाय पान हलत नसे. तयार कपड्यांच्या दुकानात तिची सगळी उमेदवारी झाली होती. गिऱ्हाईक दारातून आत येताच त्याचं माप ती नजरेनं घ्यायची.

"पुरुषांना कोट हवाच. टाय नसला तरी चालेल, पण हाफपँट आणि सँडल अजिबात नको," तिनं सगळ्यांना बजावलं. स्वतःसाठी तिनं लाल टिकल्यांचा पायघोळ गाऊन शिवून घेतला. त्यासाठी शिंप्याकडे इतक्या खेपा घातल्या की शेवटी शेवटी तो तिला लांबून बघूनच आत पळायचा.

मोठी जाऊ शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणाली, "मी बाई मैत्रिणीचा एक मागून आणलाय. अंगात शिरला म्हणजे झालं."

पहिल्या संध्याकाळी मोठी तो गाऊन घालून जिना उतरली. गडद हिरवा, बिनटिकल्यांचा, बिनझालरीचा. गळ्यात काही नाही, केस नुसते वर बांधलेले. जहाजाचा फोटोग्राफर धावतच आला आणि तिला जिन्यावर उभी करून त्यानं तिचे फोटो काढले. धाकट्या दिराच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, आज ओळखूच येत नाहीस!"

त्याच्या शेजारीच त्याची बायको लाल टिकल्यांत लखलखत उभी होती. तिला तो संध्याकाळपासून एवढंच म्हणाला होता, "बसता येतंय ना यात?"

दुसऱ्या दिवशी फोटो भोजनगृहाबाहेरच्या भिंतीवर लागले. मोठीचा अगदी मधोमध. धाकटीचा खाली कोपऱ्यात, त्यात तिचे डोळे मिटलेले. सासरे मोठीच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "आमची थोरली सून," त्यांनी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं. धाकटी त्यांच्या मागेच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर कपड्यांत वावरले मी, आणि उसन्या गाऊनवर कौतुक लुटून नेलं हिनं! तेही न मागता. मागून मिळालं असतं तर एक वेळ सोसलं असतं.

दुसऱ्या ठेवणीतल्या संध्याकाळी मोठीनं तिच्या केबिनचं दार ठोठावलं. "आज काय घालायचं गं? तू सांगशील ते."

धाकटी आरशासमोर होती. वळलीसुद्धा नाही. "आज काही नाही. साधंच."

"बरं झालं बाई!" म्हणत मोठी निघून गेली.

भोजनगृहाच्या दाराशी सगळे जमले, तेव्हा मोठी सुती कुडत्यात होती आणि थोरला चक्क हाफपँटमध्ये. दारावरच्या माणसानं अदबीनं मान लववली. "माफ करा, आज आत असं सोडता येत नाही. वरच्या मजल्यावर साधं जेवण आहे."

थोरला बायकोकडे बघायला लागला. मोठीनं धाकटीकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, "माझंच चुकलं. भलतंच ऐकलं मी. तुम्ही बसा, आम्ही बदलून येतो."

"बदलाबदली नको," सासरे म्हणाले. "मी इन्सुलिन टोचून आलोय, आता थांबता येणार नाही मला. आणि जेवायचं तर सगळ्यांनी एकत्र. चला वर."

वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, ओल्या केसांची पोरं इकडून तिकडे पळत होती. कोटातले सासरे हाफपँटवाल्या मुलाची टिंगल करत हसत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. गाऊनच्या टिकल्या खुर्चीच्या फटीत अडकत होत्या. धाकटी त्या एकेक सोडवत बसली. हिनं माझं नाव घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हिनं तीही सोय ठेवली नाही.

जेवणानंतर दोघी जिन्यापाशी मागे राहिल्या.

"ताई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुला वाचवायला नाही," मोठी म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा कडक झाला होता. "बाबांची सहल नासली असती म्हणून. माझ्यावर राग आहे तर मला बोल. त्यांना भुकेलं ठेवू नकोस."

धाकटीची मान खाली गेली. "भिंतीवर तुमचाच फोटो मधोमध..."

"फोटोसाठी?" मोठीला हसावं की रडावं कळेना. "अगं, त्या गाऊनमध्ये मला श्वास घेता येत नव्हता!" आणि ती निघून गेली.

दोन दिवस दोघी कामापुरत्या बोलल्या. तिसरी ठेवणीतली संध्याकाळ आली. धाकटीचं दार पुन्हा वाजलं. मोठी बाहेर उभी, हिरवा गाऊन पाठीवर उघडा. "ह्यांना चेन लावता येत नाहीये. अर्ध्यात अडकलीय."

धाकटीनं तिला आत घेतलं, दिव्याकडे पाठ करून उभी केली. चेनच्या दातांत अस्तर अडकलं होतं. जोरानं ओढली असती तर चेन तिथंच तुटली असती. ते तिच्या बोटांना नीट माहीत होतं. समोरच्या आरशात मोठीचा गळा दिसत होता, मोकळा, देखणा. पोटातली जळजळ तिथंच होती, तसूभरही हलली नव्हती.

"श्वास सोडा," ती म्हणाली. नखानं तिनं अस्तर हळूच मोकळं केलं आणि चेन वरपर्यंत लावून दिली.

"कशी दिसते?" मोठीनं विचारलं.

"चांगल्या दिसता," धाकटी म्हणाली. ते म्हणताना तिला फार कष्ट पडले, पण ते खरं होतं.