पहिली टाळी

साहेबाच्या तोंडून 'टू बी ऑनेस्ट' निघालं की दुभाषीणबाईंच्या कपाळावर आठी चढायची. म्हणजे एरवी काय थापा मारतोस, मेल्या? 'ॲट द एंड ऑफ द डे' तर तो सकाळी चहाच्या आधीच म्हणायचा, आणि 'गोइंग फॉरवर्ड' ऐकलं की समजावं, कुणाचा तरी बळी जाणार. बुटांच्या त्या कारखान्यात दर महिन्याच्या सभेत ती हा शब्दांचा भुसा कामगारांच्या भाषेत उतरवायची आणि शेवटी पहिली टाळी वाजवायची. रीतच होती ती. तिच्यामागून अख्खा हॉल वाजवायचा, मग फोटो.

आज सोल चिकटवणारी रांग बंद होणार होती, आणि त्या रांगेत तिची नणंद होती.

"गोड करून सांगा, बाई," मॅनेजरनं आधीच बजावलं होतं. "टाळ्यांचा फोटो वर पाठवायचाय. राजीखुशीनं सोडलं की भरपाई द्यावी लागत नाही."

साहेब उभा राहिला. "टू बी ऑनेस्ट, वी आर अ फॅमिली. बट गोइंग फॉरवर्ड, वी हॅव टू लेट सम ऑफ यू गो."

लेट यू गो! जणू या बायकाच दावं तोडायला टपल्या होत्या. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"ऐका गं," ती म्हणाली. "सोलची रांग उद्यापासून बंद. तुम्हाला कामावरून काढलंय. हे साहेबाचं झालं. आता माझं ऐका. टाळी वाजवलीत, तर राजीखुशीनं सोडलं असं धरतील. मग भरपाईवर पाणी सोडा."

साहेब हसत थांबला. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. सगळ्यांचे डोळे तिच्या हातांवर. घरात पगार दोनच, तिचा नि नणंदेचा; तिला भीती वाटलीच. तरी तिनं हात पाठीमागे बांधले. हॉलमध्ये एकही टाळी वाजली नाही. मॅनेजर साहेबाच्या कानाला लागला.

"विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट," साहेब दातओठ खात तिला म्हणाला, "वी मे हॅव टू लेट यू गो टू."

"काय म्हणतोय गं, वहिनी?"

"मलाही काढतोय."

नणंदेनं हातमोजे काढून बाकावर आपटले आणि जमिनीवर ठिय्या दिला. पाठोपाठ एकेक करत अख्खी रांग बसली.

"सांग त्याला," नणंद म्हणाली, "भरपाई हातात पडेपर्यंत आम्ही हलत नाही. तू पण नाहीस."

वहिनीनं सांगितलं. आधी ना ऑनेस्ट, ना रिस्पेक्ट. "पे अस. टिल देन, वी आर नॉट गोइंग."

मग पदर खोचून ती नणंदेशेजारी बसली.