गिधाडांची राख

रेसियातोने गिधाडाची चोच दोन्ही हातांनी उघडी धरली आणि डॉक्टर न्यांबुरांनी नळीने विष शोषणारं कोळशाचं पाणी आत सोडलं. पक्ष्याची मान एकदा ताठ झाली, मग तिच्या मनगटावर लवंडली.

"सोड," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरं आण."

जखमी पक्ष्यांच्या या केंद्रात रेसियातो काम शिकायला आली होती. जवळच्याच, गुरं राखणाऱ्या मसाई लोकांच्या वस्तीतली मुलगी. माळावर कुणीतरी मेलेल्या गाईवर विष टाकलं होतं. दुपारपर्यंत एकच गिधाड सावरलं.

मग दोघी मेलेली गिधाडं आणि ती गाय जाळायला गेल्या. लाकडं रचताना रेसियातोला गाईचा कान दिसला. कानाला दोन खाचा. तिच्या घरची खूण.

"ओळखीची आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

ती वाकून काटक्या गोळा करत राहिली.

संध्याकाळी ती घरी गेली. तिचे वडील, लेमायान, गुरांच्या काटेरी कुंपणाशी बसले होते.

"सिंहिणीने गाय मारली," तिने तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "मग मी काय तिची दृष्ट काढायची होती?"

"सिंहीण परत फिरकलीच नाही, बाबा. गिधाडं मेली."

"गिधाडांसाठी कोण रडतं?"

मग त्यांची नजर तिच्या काजळीने काळ्या पडलेल्या बाह्यांवर गेली. त्यांनी विचारलं,

"सांगितलंस तुझ्या डॉक्टर बाईंना?"

"अजून नाही."

"पोलीस पकडून नेतील गं," आई चुलीपासून म्हणाली.

सकाळी ती निघाली तेव्हा वडील ठेवणीतली लाल चादर पांघरून वाटेत उभे होते.

"पोरीनं बापाचं नाव सांगितलं असं कुणी म्हणायला नको. मीच सांगतो. तुरुंगात दूध देत असतील का गं?"

ती त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

केंद्रात ते पिंजऱ्याशी थांबले. वाचलेलं गिधाड कोपऱ्यात पंख मिटून बसलं होतं.

"हे असं का बसलंय?"

"यांची जोडी जन्माची असते, बाबा. याच्या आणि याच्या मादीच्या पायात ओळखीसाठी आम्हीच कडी घातली होती." ती थांबली. "तिला काल जाळलं."

लेमायान जाळी धरून बराच वेळ उभे राहिले. मग हातातली काठी बाहेर टेकवून डॉक्टरांच्या खोलीत गेले.

रेसियातोने मांसाचा तुकडा पिंजऱ्यात सरकवला. गिधाड जागचं हललं नाही.