मोबाईलमधून आलेली हाक

मित्रांनो, लाखनीजवळच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, राहणारा मी एक म्हातारा सारस आहे. मान लाल, पाय लांब आणि स्वभाव, खरं सांगायचं तर, जरा तापट. "पाखराचं डोकं ते केवढं!" असं कुणी म्हटलं की मला भारी राग येतो. अहो, त्या एवढ्याशा डोक्यात कोणता आवाज कुणाचा, हे पक्कं बसलेलं असतं!

मी एक लांब हाक द्यायचो, की माझी जोडीदारीण लगेच तिला दोन-तीन छोट्या हाका जोडायची. दोघांचं मिळून एक गाणं व्हायचं. एकट्याने ते पुरं होतच नाही. आमच्या पिलाने तर तिचा आवाज अंड्यात असल्यापासून ऐकलेला.

बांधीचा मालक डोमाजी मोठा मायाळू. घरट्याभोवतीचं धान तो कधी कापायचा नाही. त्याची बायको वच्छलाबाई आमचं गाणं हौसेने मोबाईलमध्ये भरून ठेवायची.

यंदा पोळा झाला आणि माझी जोडीदारीण विजेच्या तारेला धडकून मेली. मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून हाक द्यायचो आणि थांबायचो. उत्तर यायचं नाही. पिलू पायाशी घुटमळायचं, पण मला चारा गोड लागेना.

डोमाजीला माझी दया आली. "खाऊन नाही राहिला बिचारा. तिचा आवाज आयकवतो त्याले, जरा बरं वाटंल," असं म्हणत त्याने बांधीलगतच्या घराच्या अंगणातून मोबाईल मोठ्याने लावला.

काय सांगू तुम्हाला! तिचाच आवाज! मी जीव तोडून हाक दिली. पण तो आवाज माझ्यासाठी थांबेना, आपलंच पुढे रेटत राहिला. मला चटकन कळलं, ही ती नाही. पिलाला एवढं कुठून कळणार? आई आली म्हणून ते धानातून निघालं आणि थेट अंगणाकडे पळत सुटलं. मी ओरडलो, पंख पसरून मागे धावलो. ते वळलंच नाही. वाटेवरची कुत्री माझ्या आधी त्याच्यापाशी पोचली.

"बंद करा जी तो मोबाईल!" वच्छलाबाई किंचाळली. डोमाजी धावत आला आणि पिलाजवळ मटकन बसला. "मी तं भल्यासाठीच लावलो होतो वं," एवढंच तो तिला सांगत राहिला. मला त्याचा राग येत नाही. माझं पिलू गेलं, याचं दुःख मात्र सोसवत नाही.

मित्रांनो, आम्हाला लांबून डोळे भरून बघा, हवे तेवढे फोटो काढा. पण आमच्याच आवाजात आम्हाला बोलावू नका. आमच्या पिलांना ते खरं वाटतं. ती येतात.