कोलूचा बैल मारणारं विष

दीपिकाला वाटलं होतं, बर्फाचा डबा उघडला की बुधरीआत्या हसत दंड पुढे करील. आत्या डब्यातली बाटली पाहून भिंतीला जाऊन टेकली.

त्या बाटलीत मी होतो. मी गुंजेतलं विष बोलतोय.

माझा जन्म आलापल्लीच्या पुढे, याच घरामागच्या कुंपणावरचा. पोरी लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या बियांच्या माळा करायच्या. मी आत गपगार असायचो. मग बांधाच्या भांडणात कुणीतरी मला आत्याच्या नवऱ्याच्या, कोलूच्या बैलाच्या कातड्याखाली सारलं. मला वैर कळत नव्हतं, बैल कळत नव्हता. समोर येईल त्या पेशीचं दार उघडलं, आत घुसलो, तिची प्रथिनं शिजवणारी चूल फोडली. उपाशी पेशी फुगून फुटत गेल्या. बैलानं खुंटा उपटला, भिंतीला धडका दिल्या, तोंडाला फेस आणून तो कोसळला. आईबाप नसलेली लहानगी दीपिका त्याचं शिंग धरून किंचाळत होती.

आत्यानं तिला वाढवलं, दूर शिकायला धाडलं. तिथल्या प्रयोगशाळेत तिनं मलाच नेलं. "तुझ्याकडून जीव वाचवून घेईन," असं ती काचेआडून मला बजावायची.

माझे दोन भाग. एक दार उघडणारा, एक मारणारा. उघडणारा कुठलंही दार उघडायचा, म्हणून तिनं तो तोडून फेकला. त्याच्या जागी प्रतिपिंड जोडलं. रोगी पेशीच्या अंगावरची खूण ओळखून तिलाच चिकटणारा हा वाटाड्या. तो दाखवील तिथंच मी शिरायचं. उंदरांच्या रक्तात सोडलं तेव्हा मी कर्करोगाच्या पेशींची कत्तल केली. एकही सोडली नाही. दीपिका प्रयोगशाळेत नाचली होती.

तेवढ्यात आत्याच्याच रक्तात तो रोग निघाला. चंद्रपूरच्या दवाखान्यात औषधं सुरू होणार होती. दीपिकानं फोनवर थांबवलं, "थांब आत्या, मी याहून चांगलं आणते." आणि कुणाला न विचारता मला घेऊन निघाली.

"काऊन वं," कोलू बाटलीकडे बघत म्हणाला, "इतकी शिकली न् गुंजच घेऊन आली? ते त इथी कुंपणावर फुकट लागते."

"मामा, आता ते ओळखून मारतं. फक्त रोगालाच."

"माह्या बैलाले मारनाऱ्याले बी वाटलं असन, एकच बैल मारून राह्यलो मनून. तू शिंग धरून रडून राह्यली होती तेबी त्यानं पाह्यलं नाई."

आत्यानं विचारलं, "उंदरं जगले का, पोरी?"

मी तिथं होतो, म्हणून मला माहीत आहे. रोग संपला, पण तीच खूण निरोगी पेशींवरही थोडी थोडी होती. वाटाड्यानं तीही दारं दाखवली. मी घुसलो. काही उंदरांची यकृतं मी चिखल करून टाकली. ते पाय झाडत, कुशीवर पडून मेले.

"काही मेले," दीपिका म्हणाली. "पण तुझा रोग वाढतोय, आत्या. वेळ नाही."

आत्या भिंतीपासून पुढे आली आणि लुगड्याचा पदर सारून तिनं काळा, वाळलेला दंड पुढे केला.

"टोच. तुह्या हातानं मेली त मले चालते. तू वाईट वाटून घेऊ नोको."

सुईत मी भरलो गेलो. कातडी समोर होती. आत गरम रक्त वाहत होतं आणि मी तयार होतो. मी नेहमीच तयार असतो. दीपिकाला बैलाचं शिंग आठवलं असावं. तिनं सुई मागे घेतली.

सकाळी तिनं कोलूला चूल पेटवायला सांगितलं. पाणी खदखदलं तेव्हा बाटली आणि सुई दोन्ही त्यात सोडल्या. आता माझ्या प्रथिनाची घडी उसवतेय, वाटाड्या सुटून गेला आहे. मारणाऱ्याला मारणं असंच असतं, जळजळीत.

माझी भावंडं तिच्या प्रयोगशाळेत गोठून पडली आहेत. दीपिका, त्यांना आधी दारं नीट शिकव. घाईनं कुणाच्या दंडाशी आणू नकोस.

बाहेर ती आत्याला चपला घालतेय. "चल. चंद्रपूरची पहिली गाडी गाठायची आहे. डॉक्टरांना मीच सांगते, मी थांबवलं होतं म्हणून."